हटून कोण बसतं?

‘मूळनिवासी जमीन सोडायला तयार नसतात, म्हणून हवामानबदलाने धोक्यात आलेल्या गावांचं पुनर्वसन रखडतं,’ हे पालुपद जुनंच. अलास्कातलं न्यूटॉक गाव बघा. पायाखालची गोठलेली माती वितळत होती, नदी काठ गिळत घरांच्या उंबऱ्याशी येत होती. तिथल्या मूळनिवासी युपिक लोकांनी स्थलांतराची आखणी १९९४ मध्येच सुरू केली. नव्या जागेची अदलाबदल कायद्याने मंजूर व्हायला २००३ उजाडलं आणि पहिली कुटुंबं हलली २०१९ मध्ये! पैसा कुठल्या खात्याने द्यायचा, हेच ठरेना. पूर-वादळानंतर मदत मिळते, हळूहळू खचणाऱ्या गावासाठी रकानाच नसतो.

पनामाच्या, वाढत्या समुद्राने वेढलेल्या गार्दी सुगदुब बेटावरच्या मूळनिवासी गुना लोकांचंही तेच: हलण्याचा निर्णय २०१०चा, घरांच्या चाव्या २०२४ मध्ये. नकार असतोच कधीकधी, पण बहुधा समुद्रापासून, शिकारीपासून तोडणाऱ्या जागेला.