स्वारगेट बसस्थानक (पुणे)

स्वारगेट हे पुण्याच्या दक्षिण टोकाचं बसस्थानक, म्हणजे खरं तर एक नाहीच, एसटीचं वेगळं, पीएमपीचं म्हणजे शहर बसचं वेगळं आणि आता जमिनीखाली मेट्रोचं वेगळं, पण बोलताना सगळं मिळून स्वारगेटच. आता हे टोक राहिलेलं नाही, पुणं कात्रजच्याही पलीकडे गेलं, तरी इथे टोकच म्हणायला पाहिजे कारण स्थानक इथे का झालं ते त्या टोकावरूनच कळतं. शिवाजी रोड, टिळक रोड, शंकरशेठ रोड आणि सातारा रोड जिथे एकत्र येतात तो जेधे चौक, त्याला लागून हा सगळा पसारा. चौकाला नाव केशवराव जेधे (१८९६–१९५९) यांचं, ब्राह्मणेतर चळवळ ते संयुक्त महाराष्ट्र असा त्यांचा प्रवास, चौकातला उड्डाणपूलही त्यांच्याच नावाचा, पण बसमध्ये "एक जेधे चौक द्या" असं तिकीट मागताना मी तरी कोणाला ऐकलेलं नाही.

नाव

नावावरून घोळ पुष्कळ आहे. स्वार म्हणजे घोडेस्वार, फारसी सवारवरून आलेला, इथपर्यंत वाद नाही. नेहमी सांगितली जाते ती गोष्ट अशी की साताऱ्याकडून येणाऱ्या वाटेवर इथे स्वारांची चौकी होती, येणाऱ्या-जाणाऱ्याची तपासणी तिथे व्हायची, म्हणून स्वारांचं गेट ते स्वारगेट. आता यात अडचण स्वाराची नाही, गेटची आहे. पेशवाईतला माणूस गेट कशाला म्हणेल, तो वेस म्हणेल, दरवाजा म्हणेल, चौकी नाहीतर नाका म्हणेल. शनिवारवाड्याचंच बघा, दिल्ली दरवाजा, मस्तानी दरवाजा, गणेश दरवाजा, सगळे दरवाजेच. त्यामुळे हे नाव आज आहे त्या रूपात १८१८ च्या, म्हणजे पेशवाई संपली त्याच्या, आधीचं धरणं अवघड आहे. एक तर चौकी आधीची आणि तिला गेट हा शब्द इंग्रजी अमलात चिकटला, किंवा मग चौकीच त्या अमलातली. मला पहिलं जास्त पटतं, कारण सातारा म्हणजे छत्रपतींचं ठिकाण, त्या वाटेवर पेशव्यांच्या काळात पहारा बसवला नसेल असं वाटत नाही, पण हे वाटणं झालं, पुरावा नव्हे.

आणखी एक, गेट म्हटलं की डोळ्यासमोर दगडी कमान उभी राहते. जुन्या पुण्याला सगळ्या पेठांना वळसा घालणारा सलग तट नव्हता, त्यामुळे इथे कमान होतीच असं समजायची गरज नाही, रस्त्यात आडवा दांडा आणि शेजारी चार घोडी बांधलेली एवढ्यावरही हे नाव पडू शकतं. शेजारी घोरपडे पेठ आहे म्हटल्यावर घोरपडे, घोडे, स्वार असा धागा जोडायचा मोह होतो तोही आवरावा, ती पेठ घोरपडे सरदारांच्या नावाची आणि त्यांचं आडनाव घोरपडीवरून सांगतात, घोड्यावरून नाही. स्वर्ग अधिक गेट ही फोड तर निव्वळ रोमन पाटीची करामत, त्या स्पेलिंगमध्ये स्वार आणि स्वर यातला फरकच दिसत नाही त्यामुळे बाहेरून आलेला माणूस स्वर्गेट वाचतो आणि मग कोणीतरी त्याला स्वर्गाचं दार करून टाकतं. गावाकडच्या बोलण्यात सारगेट ऐकू येतं, ते मात्र सरळ उच्चाराच्या सोयीचं आहे.

एसटी

तेव्हाच्या मुंबई राज्यात सरकारी एसटी सुरू झाली १ जून १९४८ ला, पहिली गाडी पुणे–अहमदनगर. म्हणजे एसटीचा जन्म पुण्याशी जोडलेला असला तरी तो नगरच्या दिशेचा, स्वारगेटच्या दिशेचा नव्हे, हे लिहून ठेवतो कारण दोन्ही गोष्टींची सरमिसळ सहज होते. दक्षिणेच्या रस्त्याला मान मिळाला तो थोडा नंतर. पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला मॉरिस कमर्शियलच्या चॅसीवर दोन आरामगाड्या बांधल्या, नीलकमल आणि गिरीआरोहिणी, आणि त्या पुणे–महाबळेश्वर मार्गावर सोडल्या. दोन बाय दोन सीट, पडदे, हिरवट काचा आणि आत चक्क घड्याळ. त्या काळात बाकी गाड्यांत लाकडी बॉडी आणि काथ्याच्या सीटपेक्षा फार काही मिळत नसताना हे म्हणजे चैनच होती. पुढे महाराष्ट्र झाला, महामंडळाचं नाव बदललं, एशियाड आल्या, हिरकणी आल्या, शिवनेरी, २०१७ पासून शिवशाही, प्रत्येक नवी गाडी आली की फलाटावर चार दिवस तिचं कौतुक आणि मग तिच्या बंद पडलेल्या एसीची चर्चा.

पुण्यात एसटीची तीन स्थानकं आणि तिघांनी दिशा वाटून घेतलेल्या. शिवाजीनगर म्हणजे नाशिक, संभाजीनगर, मराठवाडा-विदर्भ (ते मेट्रोच्या कामामुळे डिसेंबर २०१९ अखेर वाकडेवाडीला गेलं), पुणे स्टेशन मुख्यतः मुंबई, आणि स्वारगेट म्हणजे सातारा, कराड, सांगली, कोल्हापूर, पंढरपूर, सोलापूर, भोर-महाडवरून कोकण, गोवा. ही वाटणी शंभर टक्के पाळली जात नाही, ठाणे-बोरिवलीच्या गाड्या स्वारगेटहूनही सुटतात. तरी पुण्यात कोल्हापूरचा माणूस भेटला तर तो पहिल्यांदा शहरात कुठे उतरला हे विचारावं लागत नाही.

इथली खास गोष्ट म्हणजे विनाथांबा विनावाहक गाडी, सातारा-स्वारगेट हे तिचं नेहमीचं उदाहरण. तिकीट खिडकीवर काढायचं, गाडीत कंडक्टर नसतो, मधे कुठे थांबत नाही, भरली की सुटली. शनिवारी दुपारी त्या खिडकीची रांग फलाट ओलांडून पार बाहेर येते, कोणीतरी बायकांची रांग वेगळी का नाही म्हणून वाद घालत असतं (मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट, तेव्हापासून रांगेचं गणितच बदललं), आणि गाडी फलाटाला लागताना दाराशी उभा असलेला माणूस एक-एक डोकं मोजून आत सोडतो. साध्या लाल गाडीचं मात्र जुनंच चाललंय, गाडी रिव्हर्समध्ये असतानाच खिडकीतून रुमाल, टोपी, पिशवी आत, आणि रुमाल पडला म्हणजे जागा धरली हे सगळ्यांना मान्य. यावर भांडणं होतात पण रुमाल उचलून फेकलेला क्वचितच दिसतो.

शहर बस

शहरात आधी सिल्व्हर ज्युबिली मोटर्स या खासगी कंपनीच्या बस होत्या. नावावरून पंचम जॉर्जच्या १९३५ च्या रौप्यमहोत्सवाची आठवण येते, पण नावावरून सन ठरवू नये. १९५० मध्ये महापालिका झाली आणि त्याच वर्षी तिची बससेवा पीएमटी. पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी १९७४ ची, आणि दोन्हींचं एकत्रीकरण होऊन २००७ मध्ये पीएमपीएमएल, बोलण्यातली पीएमपी ती हीच. मुख्य कार्यालय स्वारगेटलाच, शंकरशेठ रोडवर. डिसेंबर २००६ मध्ये कात्रज–स्वारगेट–हडपसर हा बीआरटी मार्ग प्रायोगिक म्हणून सुरू झाला, देशातला पहिला म्हणून त्याची नोंद होते, बससाठी राखलेल्या लेनमध्ये दुचाक्या घुसतात हेही तिथेच पहिल्यांदा कळलं. २०२१ मध्ये पेठांतून फिरणारी पुण्यदशम आली, तेव्हा दहा रुपयांत दिवसभर.

दोन घटना

२५ जानेवारी २०१२ ला सकाळी एका एसटी चालकाने आगारातून बस पळवून शहरात बेफाम चालवली, त्यात ९ जणांचा जीव गेला. त्याला झालेली फाशी सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये जन्मठेपेवर आणली. २५ फेब्रुवारी २०२५ ला पहाटे स्थानकात उभ्या असलेल्या शिवशाहीत एका तरुणीवर अत्याचार झाल्याचा गुन्हा नोंदला गेला, त्यानंतर राज्यभर आगारांतल्या सुरक्षेचा आणि धूळ खात उभ्या असलेल्या बंद गाड्यांचा प्रश्न ऐरणीवर आला.

मेट्रो आणि सापडलेलं भुयार

पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट या मार्गाचा शेवटचा तुकडा, सिव्हिल कोर्ट ते स्वारगेट, पूर्ण जमिनीखालून, मधे कसबा पेठ आणि मंडई. उद्घाटन २६ सप्टेंबर २०२४ ला ठरलं होतं, पावसाने पंतप्रधानांचा पुणे दौराच रद्द झाला आणि २९ तारखेला ते ऑनलाइन उरकलं. एसटीतून उतरून मेट्रोत जाता येतं ही सोय मोठी आहे, फक्त कोल्हापूरहून पहाटे साडेचारला बोचकी घेऊन उतरलेल्या माणसाला त्या वेळी मेट्रो नसते, त्याला रिक्षावालाच भेटतो आणि मीटर या विषयावर बोलणं टाळतो.

याच कामात मार्च २०१९ मध्ये खोदताना जमिनीखाली बांधीव भुयार निघालं आणि शहरभर गुप्तमार्गाच्या गप्पा सुरू झाल्या. तो पाण्याचा मार्ग आहे यावर जाणकारांचं बहुतेक एकमत, वाद आहे तो काळाचा. काहींनी ते नानासाहेब पेशव्यांनी अठराव्या शतकाच्या मध्यात कात्रजच्या तळ्यातून शहरात आणलेल्या नळाशी जोडलं, काहींनी इंग्रजी काळातल्या पाणीपुरवठ्याशी. कात्रजचा नळ या बाजूने शहरात शिरायचा म्हणून पहिलं मत लगेच लोकप्रिय झालं, पण मुठेचा उजवा कालवाही इथून जवळूनच जातो आणि तो इंग्रजी काळातलाच, तेव्हा नुसत्या जागेवरून निकाल लावता येत नाही, बांधकाम बघून बोलणाऱ्यांचं मत जास्त धरावं.

स्वारगेट ते कात्रज या सुमारे साडेपाच किलोमीटरच्या वाढीव मेट्रोला केंद्राने ऑगस्ट २०२४ मध्ये मंजुरी दिली. तीही पूर्ण भुयारीच आहे. म्हणजे कात्रजहून पाणी ज्या अंगाने जमिनीखालून गावात यायचं, साधारण त्याच अंगाने आता माणसं यायची आहेत. तोपर्यंत कात्रजला जाणारा माणूस स्वारगेटला वर येतो, रस्ता ओलांडतो आणि पीएमपीच्या थांब्यावर उभा राहतो.