दोनशे मीटरखालचा टाकाऊ माल

१४.१०० मेगाहर्ट्झवर रिसीव्हर लावला की मोर्समध्ये एक कॉलसाइन ऐकू येते आणि तिच्या मागोमाग चार लांब रेघा, प्रत्येक एक सेकंदाची. कॉलसाइन आणि पहिली रेघ १०० वॅटची. दुसरी रेघ १० वॅटची, तिसरी १ वॅटची आणि चौथी ०.१ वॅटची. एवढं झालं की ते केंद्र गप्प होतं आणि त्याच फ्रिक्वेन्सीवर दुसऱ्या देशातलं केंद्र सुरू होतं. हौशी रेडिओवाल्यांनी, म्हणजे हॅम मंडळींनी, जगभरात अशी १८ बीकन केंद्रं, म्हणजे ठरावीक खूण पाठवत राहणारी केंद्रं, उभारली. प्रत्येकाची पाळी दहा सेकंदांची, त्यामुळे तीन मिनिटांत फेरी पूर्ण होते. श्रीलंकेचं ‘४एस७बी’ दहावं आहे.

ऐकायचं असतं ते कितवी रेघ खरखरीत बुडाली हे. एखाद्या संध्याकाळी हजारो किलोमीटरवरची तिसरी रेघसुद्धा स्वच्छ येते, म्हणजे एका वॅटने अर्धं जग ओलांडलेलं असतं. दुसऱ्या दिवशी, त्याच वेळी, त्याच अँटेनावर १०० वॅटचाही पत्ता नसतो. यंत्र तेच, तारही तीच. बदललेलं असतं ते आकाश. म्हणून नवा हॅम ‘तुमचा सेट किती वॅटचा?’ असं विचारतो, तर मुरलेला हॅम ‘कुठला बँड, म्हणजे फ्रिक्वेन्सींचा कुठला पट्टा, उघडा आहे?’ असं विचारतो.

हे कळायला बराच काळ गेला, आणि ते कळलंही एका सरकारी हेटाळणीमुळे. टायटॅनिक बुडाल्यानंतर अमेरिकेत १९१२चा रेडिओ कायदा आला आणि हौशी मंडळींना २०० मीटर व त्याखालच्या तरंगलांबीवर, म्हणजे १.५ मेगाहर्ट्झ व त्यावर, ढकलण्यात आलं. लहर जितकी लांब तितकी ती दूर जाते, असा तेव्हाचा समज होता. बड्या कंपन्या हजारो मीटरच्या लहरींसाठी अवाढव्य मनोरे बांधत होत्या. २०० मीटरखालचा माल टाकाऊ. खेळा पोरांनो, असा एकंदर मामला.

डिसेंबर १९२१मध्ये अमेरिकन हॅमच्या संघटनेने पॉल गॉडली यांना रिसीव्हर देऊन स्कॉटलंडला पाठवलं. आर्ड्रोसनच्या किनाऱ्यावर, भर थंडीत, तंबूत बसून त्यांनी अटलांटिकपलीकडच्या कनेटिकटमधलं हौशी केंद्र ऐकलं. नोव्हेंबर १९२३मध्ये फ्रान्समधल्या नीसचे लेऑं देलॉय आणि अमेरिकेतले फ्रेड श्नेल यांचं दुतर्फा बोलणं झालं, तेही सुमारे १०० मीटरवर. आणि १८ ऑक्टोबर १९२४ला लंडनच्या मिल हिल शाळेतल्या सेसिल गॉयडर या विद्यार्थ्याने न्यूझीलंडच्या फ्रँक बेल यांच्याशी संपर्क साधला. पृथ्वीवर याहून लांबचा संपर्क साधायला फारशी जागाच उरत नाही!

वर काहीतरी वीजवाहक थर असावा, असं केनेली आणि हेव्हिसाइड या शास्त्रज्ञांनी १९०२मध्येच स्वतंत्रपणे म्हटलं होतं. त्याचा रोखठोक पुरावा एडवर्ड अ‍ॅपलटन यांनी डिसेंबर १९२४मध्ये दिला. त्यासाठी त्यांना १९४७चं नोबेल मिळालं. कोलकात्यात शिशिरकुमार मित्र यांनी १९३०च्या दशकात याच थरांच्या अभ्यासाची मोठी शाखा उभी केली.

या थराला आपण आयनांबर म्हणतो. सूर्याचे अतिनील आणि क्ष-किरण वरच्या विरळ हवेतल्या अणूंमधून इलेक्ट्रॉन सुटे करतात. सुमारे ३०० किलोमीटरवर, भरदुपारी, एका घनमीटरमध्ये १०,००,००,००,००,००० म्हणजे एक लाख कोटी सुटे इलेक्ट्रॉन असू शकतात. आकडा प्रचंड वाटतो, पण तिथेही हजारभर अणूंमागे जेमतेम एखादा इलेक्ट्रॉन सुटलेला असतो. तेवढ्याने काम भागतं. या संख्येचं वर्गमूळ काढा, म्हणजे दहा लाख, आणि त्याला ९ने गुणा. आले ९० लाख हर्ट्झ, म्हणजे ९ मेगाहर्ट्झ. सरळ डोक्यावर सोडलेली ९ मेगाहर्ट्झपर्यंतची लहर खाली परतते, त्याच्या वरची अवकाशात निघून जाते.

पण हॅम सरळ वर सोडतो कुठे? त्याची लहर क्षितिजाच्या जवळून, तिरपी निघते. आणि तिरप्या लहरीला वळवायला थोडे इलेक्ट्रॉनही पुरतात. ही मर्यादा जवळपास तिपटीपर्यंत जाते. इथे आरशासारखं टक्कर खाऊन परतणं नसतं. तापलेल्या डांबरी रस्त्यावर मृगजळ दिसतं तेव्हा प्रकाश हळूहळू वळत आलेला असतो. इथे तेच, फक्त उलटं. अशी एक उडी ४,००० किलोमीटरपर्यंत पोचते. मग समुद्रावर किंवा जमिनीवर आपटून दुसरी उडी, तिसरी उडी.

याची गंमत म्हणजे जवळचा माणूसच ऐकू येत नाही. पुण्याहून १४ मेगाहर्ट्झवर ऑस्ट्रेलियाशी गप्पा चालतात आणि त्याच वेळी नागपूरकराला यातलं काही कळत नसतं. लहर त्याच्या डोक्यावरून जाते. जमिनीला धरून जाणारी लहर तर थोड्याच अंतरावर संपते. देशातल्या देशात बोलायचं तर ७ मेगाहर्ट्झ, म्हणजे ४० मीटरचा बँड बरा.

दुपारी मात्र आयनांबराचा सर्वांत खालचा, ‘डी’ नावाचा थर आडवा येतो. ६० ते ९० किलोमीटरवर हवा इतकी विरळ नाही. लहरीने हलवलेले इलेक्ट्रॉन शेजारच्या रेणूंवर आपटतात आणि लहरीची ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते. फ्रिक्वेन्सी दुप्पट केली की हा तोटा साधारण चौथाईवर येतो, म्हणून दुपारी दूरच्या गावाला १४ किंवा २१ मेगाहर्ट्झ धरायचे. सूर्य मावळला की डी थर पाहता पाहता विरतो. रात्री मिडियम वेव्हवर परमुलखातली आकाशवाणी केंद्रं गर्दी करतात ती यामुळेच.

महाराष्ट्राचं आकाश यात थोडं लाडावलेलं आहे. चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जातं. तिथे दिवसा विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रांच्या जोडीने इलेक्ट्रॉन उंच उचलले जातात आणि चुंबकरेषांवरून घसरत दोन्ही बाजूंना येऊन साठतात. उत्तरेकडचा साठा साधारण अहमदाबाद-भोपाळच्या पट्ट्यावर येतो. या कारंज्याच्या कडेला राहणाऱ्या आपल्याला संध्याकाळी वरचे बँड उशिरापर्यंत मिळतात. पण फुकट काही नाही. सूर्यास्तानंतर, विशेषतः मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात, या थरात रिकामे बुडबुडे उठतात आणि आवाज थरथरू लागतो, जीपीएससुद्धा चुकतं. पनवेलची भारतीय भूचुंबकत्व संस्था आणि कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ इथले संशोधक आकाशाच्या मंद तांबड्या प्रकाशात या बुडबुड्यांचा माग काढत आले आहेत.

मग सूर्याचे रुसवेफुगवे. सौरज्वाळेचे, म्हणजे सूर्यावरच्या स्फोटाचे, क्ष-किरण आठ मिनिटांत पोचतात, डी थर एकदम जाड होतो आणि उन्हातल्या अर्ध्या जगाची शॉर्टवेव्ह काही वेळ ठप्प. बरं, सेटमध्ये बिघाड नसतो. कितीतरी नवशिक्यांनी मात्र अशा वेळी स्क्रूड्रायव्हर हातात घेतलेला असतो. चुंबकीय वादळ एक-दोन दिवसांनी येतं आणि जास्त मुक्काम करतं. सप्टेंबर १८५९चं सर्वांत गाजलेलं वादळ मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत नोंदलं गेलं. तिथली पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातली सुमारे १,६०० नॅनोटेस्लाची घट अभ्यासक आजही मापदंड म्हणून वापरतात. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून ही मोजणी अलिबागला हलवावी लागली.

डिसेंबर २००४मध्ये भारती प्रसाद या हॅम आणि त्यांचे सहकारी निव्वळ हौसेखातर पोर्ट ब्लेअरला गेले होते. अंदमानातून जगाशी संपर्क साधायचा होता. त्सुनामीने फोन बंद पडले आणि त्यांचा सेट मुख्य भूमीशी बोलत राहिला. मध्ये मनोरा नाही, केबल नाही, बिल देणारी कंपनी नाही. वरचा थर तेवढा लागतो.

तो थर सध्या उतरणीला लागला आहे. सूर्यडागांचं साधारण ११ वर्षांचं चक्र असतं. पंचविसाव्या चक्राचा भर २०२४मध्ये येऊन गेला. डाग कमी तर अतिनील किरण कमी आणि इलेक्ट्रॉनही कमी. त्यामुळे २८ मेगाहर्ट्झचा दहा मीटर बँड येत्या काही वर्षांत अधिकाधिक दिवस मुका राहील. तोवर १४ वर दिवस काढायचे, रात्री ७ आणि ३.५ वर यायचं. ३.५साठी लांब तार लागते, वीस-वीस मीटरचे दोन पंख. सोसायटीच्या गच्चीची परवानगी आत्ताच मागून ठेवलेली बरी.