द्वीपराष्ट्रांतील त्सुनामी-साहाय्याचे समन्वयन

द्वीपराष्ट्रांतील त्सुनामी-साहाय्याचे समन्वयन : त्सुनामीचा तडाखा बसलेल्या बेटांच्या देशात बाहेरून येणारी माणसे, जहाजे, विमाने, सामान आणि पैसा यांचा क्रम लावण्याची व्यवस्था. कोणी काय आणावे, ते कुठे उतरावे, पुढे कोणी न्यावे आणि काय आणूच नये, हे यात ठरते. यातला शेवटचा निर्णय सर्वांत अवघड, कारण आपत्तीच्या वेळी मदतीला नको म्हणणे कोणत्याच सरकारला जड जाते.

सलग भूमीच्या देशात एक रस्ता वाहून गेला तर ट्रक दुसऱ्या रस्त्याने जातो. २००४ मध्ये नागपट्टिणमचा किनारा उद्ध्वस्त झाला, पण मागे अख्खा तमिळनाडू शाबूत होता. लहान द्वीपराष्ट्राला अशी पाठ नसते. मोठे विमान उतरू शकेल अशी धावपट्टी बहुधा एकच, मोठे जहाज लागेल असा धक्काही एकच, आणि राजधानीच पाण्यात गेली असेल तर सरकारी यंत्रणाही आपत्तिग्रस्त. मदत किती आली यापेक्षा या अरुंद दारातून दिवसाला किती आत जाऊ शकते, यावर सारे अवलंबून असते. वृत्तपत्रांत मात्र कोणत्या देशाने किती टन पाठवले याचेच आकडे येतात.

जहाजापासून किनाऱ्यापर्यंत

गोव्यातल्या वाचकाला या कामाची अडचण चटकन उमगेल. मांडवी-जुवारीतून खनिजाने भरलेल्या बार्जी मुरगावजवळ खोल पाण्यात उभ्या असलेल्या जहाजाकडे जाताना येथे सर्वांनी पाहिल्या आहेत. मदतकार्यात हाच व्यवहार उलटा चालतो. मोठे जहाज बाहेर नांगर टाकते आणि माल लहान होड्यांत उतरवून आत न्यावा लागतो. फरक इतकाच, की मुरगावला बार्ज आहे, क्रेन आहे, सरावाचे कामगार आहेत. प्रवाळबेटावर यातले काहीच नसते.

मालदीवसारख्या देशात बेटाभोवती प्रवाळाची भिंत आणि तिच्यात एखादीच चिंचोळी वाट असते. भरतीच्या वेळी होडी आत शिरते, ओहोटीला तळ घासतो. त्सुनामीने जेटी मोडलेली असते आणि वाटेत बुडालेल्या होड्या, झाडांचे बुंधे, घरांचे पत्रे अडकलेले असतात. मग नौसैनिकांनी रबरी होडीतून उतरायचे, गुडघाभर पाण्यात माणसांची साखळी धरायची आणि तांदळाची पोती व पाण्याचे कॅन हातोहात वाळूवर पोहोचवायचे. चेतकसारखे लहान हेलिकॉप्टर डॉक्टर, औषधे किंवा एखादा जखमी नेते. धान्याचा भार त्याच्याने उचलत नाही.

म्हणून पहिल्या फळीत सर्वेक्षण करणारी जहाजे आणि पाणबुडे लागतात. लाटेने वाळू सरकते, नकाशावरची खोली खरी राहत नाही, आणि तपासल्याविना आत शिरलेले मदतीचे जहाजच रुतून धक्का अडवू शकते. २०२२ मध्ये न्यूझीलंडने टोंगाला पाठवलेल्या ‘वेलिंग्टन’ जहाजावर अशीच बंदर तपासणारी तुकडी होती.

पाण्याचे गणित

मदतकार्यात सर्वत्र मानल्या जाणाऱ्या स्फिअर मानकांनुसार माणशी रोज किमान १५ लिटर पाणी लागते. दहा हजार लोकांसाठी हे दीड लाख लिटर, म्हणजे १५० टन झाले. सी-१३० जातीचे मालवाहू विमान एका खेपेत साधारण वीस टन नेते. नुसत्या पाण्यासाठी रोज सात-आठ खेपा करायच्या, तर त्या एकुलत्या धावपट्टीवर दुसरे काही उतरायला नको. बाटलीबंद पाणी विमानाने नेणे पहिल्या एक-दोन दिवसांपुरतेच शहाणपणाचे. पुढे समुद्राचे पाणी गोडे करणारी यंत्रे, किंवा तशी यंत्रे बसवलेली जहाजेच हवीत.

प्रवाळबेटांवर हा प्रश्न लवकर सुटत नाही. तेथे वाळूखाली पावसाच्या गोड्या पाण्याचा पातळ थर असतो. लाट बेटावरून गेली की त्यात खारे पाणी आणि शौचखड्ड्यांतली घाण मिसळते, आणि विहिरी दीर्घकाळ निकामी होतात. मालदीवमध्ये २००४ नंतर पावसाच्या पाण्याच्या टाक्या आणि निःक्षारीकरण यंत्रे हा पुनर्बांधणीचा मोठा भाग होता. त्सुनामी नसतानाही हा देश किती अडू शकतो हे डिसेंबर २०१४ मध्ये दिसले. मालेच्या निःक्षारीकरण केंद्राला आग लागली आणि राजधानीचे नळ कोरडे पडले. भारताने ‘ऑपरेशन नीर’ अंतर्गत विमानांनी पाणी नेले, तसेच ‘सुकन्या’ आणि ‘दीपक’ ही जहाजे पाठवली.

विनंती आणि अधिकार

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या डिसेंबर १९९१ मधील ४६/१८२ या ठरावाने नियम घालून दिला : मदत आपत्तिग्रस्त देशाच्या संमतीने आणि तत्त्वतः त्याच्या विनंतीवरून जावी. मानवतावादी कार्य समन्वय कार्यालय, म्हणजे ‘ओचा’, याच ठरावातून पुढे आले. त्याचे आपत्तीची पाहणी आणि समन्वय करणारे ‘अन्डॅक’ पथक १९९३ पासून अल्प सूचनेवर निघते आणि विमानतळावर आगमन-कक्ष उघडून येणाऱ्या प्रत्येक चमूची नोंद घेते. अन्न, पाणी, निवारा, आरोग्य, मालवाहतूक असे गट पाडून प्रत्येकाला एक प्रमुख संस्था नेमण्याची ‘क्लस्टर’ पद्धत २००५ मध्ये आली. त्सुनामीच्या मदतकार्यात उडालेला गोंधळ ताजा असताना ती स्वीकारली गेली, हा योगायोग नव्हे. दक्षिण प्रशांत महासागरात फ्रान्स, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांचा ‘फ्रान्झ’ करार १९९२ पासून आहे. तेथील चक्रीवादळांमुळे या देशांना एकत्र काम करण्याची सवय आहे.

कागदावर हे नीट बसते. प्रत्यक्षात पहिले तीन-चार दिवस सूत्रे ज्याची जहाजे जवळ त्याच्याच हाती असतात.

२००४ : श्रीलंका आणि मालदीव

२६ डिसेंबर २००४ रोजी सुमात्राजवळ ९.१ तीव्रतेचा भूकंप झाला. भारताच्या स्वतःच्या किनाऱ्यावर आणि अंदमान-निकोबारात हजारो माणसे गेली होती, तरी भारताची पहिली मदत त्याच संध्याकाळी कोलंबोला पोहोचली. श्रीलंकेसाठी ‘ऑपरेशन रेनबो’, मालदीवसाठी ‘कॅस्टर’ आणि इंडोनेशियासाठी ‘गंभीर’ अशा मोहिमा एकाच वेळी चालल्या. मालदीवला ‘मैसूर’, ‘उदयगिरी’ आणि ‘आदित्य’ ही जहाजे गेली. श्रीलंकेला गेलेल्या जहाजांत ‘सतलज’ हे सर्वेक्षण जहाज होते, तर ‘जमुना’ या दुसऱ्या सर्वेक्षण जहाजाचे रुग्णालय करण्यात आले. त्याच वेळी भारताने स्वतःसाठी परदेशी सरकारांची मदत नाकारली. मदत घेणारा देश ही ओळख पुसण्याची संधी दिल्लीने साधली, असे म्हणायला जागा आहे.

अमेरिका, भारत, जपान आणि ऑस्ट्रेलिया यांचा ‘कोअर ग्रुप’ २९ डिसेंबरला जाहीर झाला आणि ६ जानेवारी २००५ च्या जकार्ता परिषदेत विसर्जित होऊन सूत्रे संयुक्त राष्ट्रांकडे गेली. पुढे ‘क्वाड’ म्हणून ओळखल्या गेलेल्या गटाचे मूळ या आठ-नऊ दिवसांत शोधले जाते.

श्रीलंकेत ३० हजारांहून अधिक माणसे मरण पावली. तेथे अडचण दारात नव्हती, घरात होती. उत्तर-पूर्व किनाऱ्याचा काही भाग तमिळ वाघांच्या ताब्यात होता. मदतीच्या वाटपासाठी सरकार आणि वाघ यांच्यात जून २००५ मध्ये संयुक्त यंत्रणेचा करार झाला. त्याला विरोध म्हणून सत्तेतला एक पक्ष बाहेर पडला आणि जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने कराराच्या कळीच्या तरतुदींना स्थगिती दिली. किनाऱ्यापासून दक्षिणेत १०० आणि पूर्वेत २०० मीटरपर्यंत घरे बांधण्यास केलेली मनाई हेही वादाचे मूळ ठरले. मासेमाराला समुद्रापासून लांब घर देणे म्हणजे काय, हे काणकोण किंवा बेतुलच्या रापणकाराला विचारावे.

मालदीवमध्ये सुमारे शंभर बळी गेले. आकडा लहान वाटतो, पण लोकसंख्या तीन लाखांच्या आत होती आणि वस्तीची सुमारे दोनशे बेटे उत्तर-दक्षिण आठशे किलोमीटरहून अधिक पसरलेली आहेत. गोव्याचा किनारा जेमतेम शंभर किलोमीटरचा. देशाचे नुकसान वार्षिक राष्ट्रीय उत्पन्नाच्या साठ टक्क्यांहून अधिक धरले गेले. त्यातही दैवाचा खेळ असा, की लाटेच्या सहाच दिवस आधी, २० डिसेंबरला, आमसभेने मालदीवला अल्पविकसित देशांच्या यादीतून वर काढण्याचा ठराव केला होता. तो लांबवून २०११ मध्ये अमलात आला. कंधोलुधू हे दाट वस्तीचे बेट कायमचे सोडावे लागले. तेथील लोकांसाठी धुवाफारू या निर्जन बेटावर रेड क्रॉसने नवे गाव उभारले, त्याला सुमारे चार वर्षे लागली. तोवर ही माणसे तात्पुरत्या निवाऱ्यांत आणि इतर बेटांवर राहिली.

या काळात न मागितलेल्या मदतीचाही पूर आला : थंडीचे कपडे, अनोळखी भाषेतल्या वेष्टनांची औषधे. आपल्याकडेही पूर आला की जुने कपडे गोळा करण्याची मोहीम निघतेच. बेटावर असा ढीग गोदाम अडवतो, आणि तो जाळायला किंवा पुरायला जागाही नसते.

टोंगा, २०२२

१५ जानेवारी २०२२ रोजी हुंगा टोंगा-हुंगा हापाई ज्वालामुखीचा स्फोट होऊन लाटा आल्या. देशाला जगाशी जोडणारी समुद्राखालची एकमेव केबल तुटली. काय हवे हे सांगायलाच मार्ग उरला नाही, आणि पहिली पाहणी न्यूझीलंड व ऑस्ट्रेलियाच्या टेहळणी विमानांना आकाशातून करावी लागली. धावपट्टीवर राख साचली होती, ती लोकांनी फावडी आणि ढकलगाड्यांनी हटवली, तेव्हा २० जानेवारीला पहिली मालवाहू विमाने उतरली. केबल सुरू व्हायला सुमारे पाच आठवडे लागले.

टोंगात तोवर कोविड जवळजवळ नव्हताच. सरकारने अट घातली : सामान उतरवा, माणसे उतरवू नका. माल काही दिवस अलग ठेवून मगच वाटला जाई. ऑस्ट्रेलियाच्या ‘ॲडलेड’ जहाजावर कोविडचे रुग्ण निघाल्याने ही सावधगिरी अनाठायी नव्हती हे दिसले. परदेशी स्वयंसेवकांच्या फौजेविना स्थानिक चर्च, रेड क्रॉस आणि गावकऱ्यांनी वाटप सांभाळले. हेच दर वेळी का होऊ नये, असा प्रश्न त्यानंतर मदतसंस्थांतही विचारला जाऊ लागला.

गोवा

दाबोळीचा ‘हंसा’ हा नौदलाचा प्रमुख हवाई तळ आहे आणि लांब पल्ल्याची पी-८आय टेहळणी विमाने येथेही असतात. तळ हिंदी महासागराच्या पश्चिम भागावर नजर ठेवण्याच्या दृष्टीने मोक्याचा आहे. वेरें येथील नौदल युद्ध महाविद्यालय २०१७ पासून ‘गोवा मेरिटाइम कॉन्क्लेव्ह’ भरवते. तीत मालदीव, श्रीलंका, मॉरिशस, सेशेल्स यांसारख्या शेजाऱ्यांच्या नौदलांचे व सागरी दलांचे प्रमुख येतात. आपत्तीच्या रात्री कोणाला फोन करायचा याची ओळख अशा बैठकांत होते, आणि ती करारांपेक्षा कमी महत्त्वाची नाही.

हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ या महासागर माहिती सेवा संस्थेतील त्सुनामी पूर्वसूचना केंद्र २००७ पासून काम करते. २००४ मध्ये लाट मालदीवला पोहोचायला तीन तासांहून अधिक वेळ लागला होता, पण इशारा देणारी यंत्रणाच नव्हती. भारताच्या पश्चिम किनाऱ्याला धोका पाकिस्तान-इराणच्या मकरान किनाऱ्याकडून आहे. २८ नोव्हेंबर १९४५ च्या तेथील भूकंपानंतर मुंबईतही लाट येऊन माणसे दगावली होती. तसा प्रसंग पुन्हा आला तर मुरगाव आणि दाबोळी मदत पाठवणारी ठाणी न राहता स्वतःच मदतीची वाट पाहत असतील, आणि तेव्हा त्यांचे काम कारवार, कोची यांसारख्या तळांना उचलावे लागेल.