आकडे ठेवायचे कुठे? पहिल्या कॉम्प्युटरांची खरी अडचण

जुन्या कॉम्प्युटरबद्दल कुठेही वाचायला घ्या, सुरुवात ठरलेली असते. तो केवढा अवाढव्य होता, किती वीज खायचा, वगैरे. अमेरिकेत फिलाडेल्फियाला पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात बांधलेला एनिआक १९४६ च्या फेब्रुवारीत लोकांसमोर आला. वजन ३० टनांच्या आसपास, साधारण १८ हजार व्हॅक्यूम ट्यूब (आपल्याकडे जुन्या रेडिओत असायचे तेच व्हॉल्व्ह), दीडशे किलोवॅट वीज आणि सेकंदाला ५००० बेरजा. हे सगळं खरंय, पण मला कायम वाटतं की यातून खरी गोष्ट निसटते. सेकंदाला ५००० बेरजा मारणाऱ्या त्या यंत्राला हिशोब चालू असताना लक्षात किती आकडे ठेवता यायचे माहितीये? फक्त २०.

म्हणजे न बदलणारे आकडे स्विच फिरवून बसवून ठेवता यायचे, ते वेगळं. पण लिहायला-पुसायला जागा होती ती प्रत्येकी दहा अंकी अशा २० आकड्यांपुरती, त्यापेक्षा जास्त मधली उत्तरं आली की पंच कार्डांवर भोकं पाडून बाहेर काढायची आणि लागतील तेव्हा परत आत भरायची. आणि या २० आकड्यांची किंमत तरी बघा, एकेक आकडा सांभाळायला (आणि त्यात बेरीज करायला) पाचशेहून जास्त ट्यूब लागायच्या, म्हणजे त्या १८ हजारांतल्या निम्म्याहून जास्त ट्यूब एवढ्याच कामाला जुंपलेल्या.

एनिआक चालवायचा म्हणजे तारांची जोडणी बदलायची आणि स्विच फिरवायचे, एक गणित सोडून दुसरं लावायला कधीकधी काही दिवस जायचे. हे काम सहा बायकांनी केलं: केय मॅकनल्टी, बेट्टी जेनिंग्ज, बेट्टी स्नायडर, मार्लिन वेस्कॉफ, फ्रान्सिस बिलास आणि रूथ लिक्टरमन. तोफेचा गोळा कुठे पडेल याची कोष्टकं काढणं हे मूळ काम. त्यांना शिकवायला कुणी नव्हतं, सर्किटचे नकाशे समोर घेऊन त्या यंत्र शिकल्या, आणि उद्घाटनाच्या दिवशी पाहुण्यांनी जे प्रात्यक्षिक पाहिलं ते त्यांनी लावलेलं होतं, तरी त्यांची नावं लोकांना कळायला कित्येक वर्षं गेली. हे वाचलं की आजही राग येतो.

तर या तारांच्या जंजाळातून सुटायचा उपाय एनिआक पुरा व्हायच्या आधीच दिसायला लागला होता. एनिआकचे डिझाइनर प्रेस्पर एकर्ट आणि जॉन मॉकली यांच्या टीममध्ये त्यावर चर्चा चालायची, गणितज्ञ जॉन फॉन नॉयमन त्यात सामील झाले आणि १९४५ च्या जूनमध्ये त्यांच्या नावाने एक कच्चा रिपोर्ट फिरायला लागला. त्यातली कल्पना अशी की आकड्यांसारख्याच सूचनाही यंत्राच्या मेमरीतच ठेवा, मग गणित बदललं की तारा बदलायला नकोत, मेमरीत दुसऱ्या सूचना भरल्या की झालं. आपण वापरतो तो प्रत्येक कॉम्प्युटर आणि मोबाइल याच तत्त्वावर चालतो. पण अडचण लगेच लक्षात येईल, जिथे २० आकडे ठेवायची मारामार तिथे आता शेकडो सूचना आणि शेकडो आकडे ठेवायचे, आणि तेही असे की क्षणात सापडले पाहिजेत. पुढची दहा वर्षं कॉम्प्युटर बनवणाऱ्यांची खरी झोप उडवली ती या प्रश्नाने, बेरीज-गुणाकार त्या मानाने सोपे होते.

पहिला उपाय सुचला तो रडारमधून. रडारच्या पडद्यावर डोंगर, इमारती यांचे प्रतिध्वनी सारखे दिसत राहायचे आणि त्यात विमान हरवायचं. मग युक्ती अशी की आधीचा प्रतिध्वनी थोडा वेळ थोपवून धरायचा आणि नवीन आला की त्यातून वजा करायचा, जे जागचं हललं नाही ते कटतं आणि हलणारं तेवढं उरतं. थोपवून धरायला वापरायचे पाऱ्याने भरलेली नळी. एकर्टनी युद्धकाळात या नळ्यांवर काम केलं होतं आणि त्यांच्या डोक्यात आलं की यातच आकडे ठेवता येतील.

कसं, ते जरा सावकाश बघू. नळीच्या दोन्ही टोकांना क्वार्ट्झचा स्फटिक बसवलेला. या टोकाला विजेचा ठोका दिला की स्फटिक थरथरतो, ती थरथर आवाजाची लाट होऊन पाऱ्यातून निघते, दुसऱ्या टोकाच्या स्फटिकावर आदळते आणि तिथे परत विजेचा ठोका तयार होतो. विजेच्या मानाने आवाज अतिशय हळू, पाऱ्यात सेकंदाला साधारण १४५० मीटर, म्हणजे दीड मीटरची नळी पार करायला एक मिलिसेकंद लागतो. तेवढ्यात मागून शेकडो ठोके सोडता येतात. ठोका असेल तर १, नसेल तर ०. पलीकडे पोचलेला ठोका अशक्त झालेला असतो, त्याला व्हॉल्व्हने परत जोरकस करायचा आणि पुन्हा अलीकडच्या टोकातून आत सोडायचा, असं अखंड चालू. लहान मुलाला दुकानात पाठवलं की ते वाटभर "अर्धा किलो साखर, एक नारळ" घोकत जातं ना, तशी ही मेमरी, घोकणं थांबलं की विसरलं!

केंब्रिजमध्ये मॉरिस विल्क्स यांनी याच नळ्या वापरून एडसॅक बांधला, एका नळीत ५७६ बिट (म्हणजे एकेक ० किंवा १) मावायचे. ६ मे १९४९ ला त्याने पहिला प्रोग्राम चालवला, ० ते ९९ या आकड्यांच्या वर्गांचं कोष्टक. पण त्रासही होते. तापमान बदललं की पाऱ्यातला आवाजाचा वेग बदलतो आणि ठोक्यांचं टायमिंग चुकतं, म्हणून तापमान काटेकोर सांभाळावं लागायचं. आणि दुसरं म्हणजे हवा तो आकडा नळीत मध्यावर असेल तर तो टोकाला येईपर्यंत यंत्राने नुसतं थांबायचं, सगळा वेग तिथे वाया.

मँचेस्टरला फ्रेडी विल्यम्स आणि टॉम किलबर्न यांनी वेगळी वाट धरली. त्यांनी घेतली पिक्चर ट्यूब, जुन्या टीव्हीत असायची त्या जातीची. इलेक्ट्रॉनांचा झोत काचेवर एका जागी मारला की तिथे विद्युतभाराचा ठिपका उमटतो, आणि झोत परत तिथे नेला की काचेबाहेर लावलेल्या धातूच्या पत्र्यावर सिग्नल मिळतो आणि तिथे काय लिहिलं होतं ते कळतं. झोत हव्या त्या ठिपक्यावर लगेच नेता येतो, रांगेत थांबायची भानगडच नाही. एकच गोम, ठिपक्यातला भार सेकंदाच्या अंशात गळून जातो. म्हणून तो जायच्या आत वाचायचा आणि लगेच परत लिहायचा, सतत. (आज मोबाइलमध्ये जी रॅम असते तीही अशीच गळकी आहे, तिच्यातले सूक्ष्म भार सेकंदाला कित्येक वेळा परत भरावे लागतात. चिप नवी, खटाटोप तोच.)

आता ही ट्यूब भरवशाची आहे का हे तपासायचं कसं? प्रत्यक्ष कॉम्प्युटरच्या वेगाने लिहून-वाचून बघायचं. म्हणून त्यांनी तिच्याभोवती एक छोटा कॉम्प्युटर बांधला, त्याला पुढे 'बेबी' म्हणायला लागले. हे मला या सगळ्या इतिहासातलं सर्वात भारी वाटतं, सूचना मेमरीत ठेवून चालणारा जगातला पहिला इलेक्ट्रॉनिक कॉम्प्युटर हा मुळात मेमरी टेस्ट करायला बनवलेला होता. त्याची मेमरी ३२ ओळी आणि प्रत्येक ओळीत ३२ बिट, एकूण १०२४. शेजारच्या दुसऱ्या पिक्चर ट्यूबवर मेमरीची नक्कल दिसायची, म्हणजे एकेक बिट ठिपक्याच्या रूपात डोळ्यांनी बघता यायचा, उत्तरसुद्धा तिथेच वाचायचं. प्रोग्राम बटणं दाबून एकेक बिट करत भरायचा. २१ जून १९४८ ला किलबर्ननी लिहिलेला १७ सूचनांचा प्रोग्राम नीट चालला. गणित काय, तर २,६२,१४४ या संख्येला भाग जाणारी, तिच्याहून लहान अशी सर्वात मोठी संख्या शोधायची. उत्तर कुणीही सांगेल, निम्मं करा, १,३१,०७२. पण त्यांनी मुद्दाम एकेक संख्या उतरत्या क्रमाने तपासायची रटाळ पद्धत घेतली, ५२ मिनिटं यंत्र चालत राहिलं आणि सुमारे ३५ लाख क्रियांमध्ये एकही बिट इकडचा तिकडे झाला नाही. परीक्षा मेमरीची होती ना.

पण या ट्यूब नाजूक होत्या आणि बाहेरच्या विद्युत गोंधळाने भरकटायच्या. ज्याने प्रश्न खऱ्या अर्थाने मिटवला ती फेराइट कोअर मेमरी (फेराइट म्हणजे लोखंडाच्या ऑक्साइडपासून बनणारा चुंबकीय पदार्थ). यात हार्वर्डमधल्या अॅन वँग यांचं काम आहेच, पण ती मोठ्या यंत्रात बसवून दाखवली एमआयटीच्या जे फॉरेस्टर यांनी, १९५३ मध्ये, व्हर्लविंड कॉम्प्युटरमध्ये. फेराइटची दोनेक मिलिमीटरची रिंग घ्या, तिच्यातून तार ओवा, वीज सोडली की रिंग चुंबकित होते. विजेची दिशा उलटी केली की चुंबकत्वही उलटं. एक दिशा म्हणजे ०, दुसरी म्हणजे १, आणि वीज बंद केली तरी रिंग विसरत नाही. घोकणं नाही, गळणं नाही.

यातली हुशारी पुढे आहे. ३२ उभ्या आणि ३२ आडव्या तारांची जाळी केली तर १०२४ जागी तारा एकमेकींना छेदतात, प्रत्येक जागी एक रिंग. एका उभ्या आणि एका आडव्या तारेत निम्मी निम्मी वीज सोडायची. निम्म्या विजेने रिंग ढिम्म हलत नाही, पण जिथे दोन्ही तारा भेटतात त्या एकाच रिंगला पूर्ण वीज मिळते आणि ती पलटते. ६४ तारांत १०२४ रिंगांपैकी नेमकी हवी ती पकडता येते! वाचताना मात्र रिंग मुद्दाम ० कडे ढकलायची, ती पलटली तर आणखी एका तारेत ठोका उमटतो, म्हणजे तिथे १ होता. वाचता वाचता पुसलंही गेलं, म्हणून लगेच परत लिहायचं. हे जाळं विणायला बारीक नजर आणि स्थिर हात लागायचे, बहुतेक ठिकाणी हे काम बायकांनी भिंगाखाली बघत केलंय.

आणि इथे आपली मुंबई येते. टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्चमध्ये, होमी भाभांच्या पाठबळावर, आर. नरसिंहन यांच्या टीमने १९५० च्या दशकात स्वतः कॉम्प्युटर बांधायला घेतला. आधी कॉम्प्युटर बांधायचा अनुभव जवळपास कुणाला नव्हता. १९५६ मध्ये छोटं प्रायोगिक यंत्र चाललं, मग मोठं, जे १९६० पासून रीतसर कामाला लागलं. १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचं नाव ठेवलं टिफ्रॅक. साधारण २७०० व्हॅक्यूम ट्यूब, आणि मेमरी? फेराइट कोअर, ४० बिटांचे हजार-दोन हजार आकडे. कलकत्त्याला इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये १९५५ ला ब्रिटनहून कॉम्प्युटर आला होता, पण त्याची मेमरी फिरत्या चुंबकीय ड्रमवर होती, म्हणजे हवा तो आकडा फिरून येईपर्यंत थांबा. मुंबईच्या टीमने थेट कोअर निवडली, व्हर्लविंडनंतर थोड्याच वर्षांत, आणि मला हा निर्णय फार मोठा वाटतो.

आजच्या मापात ही मेमरी जेमतेम काही केबी. देवनागरीचं एकेक अक्षरचिन्ह आज ३ बाइट घेतं, म्हणजे टिफ्रॅकच्या अख्ख्या मेमरीत हा लेख अर्धासुद्धा मावला नसता. तेवढ्या जागेत प्रोग्राम आणि आकडे दोन्ही बसवून संशोधकांची गणितं त्यावर सुटत होती. १९६४ मध्ये संस्थेत अमेरिकेहून सीडीसी ३६०० आला, ट्रान्झिस्टरवाला आणि कितीतरी वेगवान, आणि टिफ्रॅकचं काम संपलं. सीडीसीच्या पोटातही मेमरी कोअरचीच होती, फक्त रिंगा लाखांनी.

कोअरला हरवलं ते १९७० मध्ये इंटेलच्या ११०३ नावाच्या चिपने. एका चिपवर १०२४ बिट, बेबीच्या मेमरीएवढेच, आणि पुन्हा तेच गळके भार सतत भरत राहायचं काम. पण चिप छापता येते, रिंगा ओवाव्या लागतात, आणि किमतीच्या त्या शर्यतीत हाताने विणलेली जाळी पुढच्या काही वर्षांत बाजूला पडली.