स्प्रेडशीट आणि डेटाबेस: सॉफ्टवेअरच्या संग्रहाची यादी कशात ठेवावी?

जुन्या-नव्या सॉफ्टवेअरचा संग्रह करणाऱ्या बहुतेकांची यादी स्प्रेडशीटमध्ये असते आणि तिला ते बिनदिक्कत ‘माझा डेटाबेस’ म्हणतात. तसं म्हणायला कुणाची हरकत नाही. दोन्हीकडे आडव्या ओळी, उभे रकाने आणि वर मथळे असतात. पडद्यावर शेजारी शेजारी उघडले तर कोणतं काय ते चटकन ओळखूही येणार नाही. फरक जाणवतो तो यादी वापरायला लागल्यावर, बहुधा एखादं उत्तर गुपचूप चुकल्यावर.

हा फरक आकारावरून सांगायची पद्धत आहे: यादी लहान असेल तर स्प्रेडशीट, मोठी झाली की डेटाबेस. मला ते पटत नाही. एक्सेलच्या आजच्या एका शीटमध्ये १०,४८,५७६ ओळी मावतात आणि एवढ्या वस्तू जमवणारा संग्राहक विरळाच. ओळी किती, यापेक्षा एक ओळ म्हणजे नेमकं काय, हे आधी विचारायला हवं.

स्प्रेडशीटचा जन्म आकडेमोडीसाठी झाला. डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांनी १९७९ मध्ये ॲपल टू संगणकासाठी व्हिझिकॅल्क आणलं, तेव्हा लोक खूश झाले ते एक आकडा बदलला की बाकीचे आपोआप बदलतात म्हणून. तिथे मूळ एकक आहे तो एक चौकोन, म्हणजे सेल. शेजारच्या सेलशी त्याचं काही नातं असलंच पाहिजे असं नाही. ‘ही सगळी ओळ एकाच सॉफ्टवेअरची आहे’ हे आपल्याला ठाऊक असतं, शीटला नाही. म्हणूनच नुसता नावांचा रकाना निवडून सॉर्ट केलं तर नावं अकारविल्हे लागतात आणि पेटी क्रमांक होते तिथेच बसून राहतात. आजचे प्रोग्रॅम अशा वेळी ‘शेजारचे रकानेही घेऊ का?’ असं विचारतात. घाईत चुकीचं बटण दाबलं तर मात्र सगळी यादी एकमेकांच्या पेट्यांत जाऊन पडते, आणि दिसायला तेवढीच नीटनेटकी दिसते.

डेटाबेसचं एकक आहे नोंद, म्हणजे अख्खं रेकॉर्ड. नोंदीतलं एकच खानं सुटं काढून दुसरीकडे सरकवायची सोयच तिथे नाही. नोंदींना स्वतःचा असा क्रमही नसतो. तुम्ही ज्या क्रमाने मागाल त्या क्रमाने त्या समोर येतात आणि मूळ साठवण तशीच राहते. जुन्या ग्रंथालयांतल्या कार्डांच्या खणाची आठवण असेल तर हे लगेच कळेल: कार्डं हवी तशी लावा, एका कार्डावरचा लेखक दुसऱ्या कार्डावर जात नाही.

मधला एक प्रकारही आहे आणि गोंधळाचं निम्मं खापर त्याच्याच माथी फोडता येईल. तो म्हणजे एकाच टेबलाचा साधा डेटाबेस. जिम बटन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जिम नॉफ यांचा १९८२ चा पीसी-फाइल हा याचा नमुना. शेअरवेअर म्हणून, म्हणजे आधी वापरून पाहा आणि आवडलं तर पैसे द्या या पद्धतीने, वाटल्या गेलेल्या अगदी पहिल्या प्रोग्रॅमांपैकी हा एक. तुम्ही खानी ठरवायची, एकेक कार्ड भरायचं, शोधायचं, छापायचं, संपलं. आकाराने हा स्प्रेडशीटसारखाच, एकच मोठा तक्ता. वागायला मात्र डेटाबेस, कारण नोंद अखंड राहते आणि खान्याचा प्रकार आधी ठरतो. १९८४ च्या ॲपलवर्क्समध्ये लेखन, स्प्रेडशीट आणि डेटाबेस हे तीन वेगळे विभाग होते. एकाच प्रोग्रॅमात असूनही ही दोन कामं तेव्हा वेगळी धरली होती, हे लक्षात घेण्यासारखं आहे.

आवृत्ती क्रमांक

सॉफ्टवेअरच्या यादीत सगळ्यात आधी फसतो तो आवृत्तीचा रकाना. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेची ३.१ ही आवृत्ती २००९ ची आणि ३.१० ही २०२१ ची. मध्ये बारा वर्षं आणि आठ आवृत्त्या. स्प्रेडशीटमध्ये ३.१० टाइप करून एंटर दाबा: सेलमध्ये ३.१ उरतं. शीटच्या दृष्टीने ती संख्या आहे आणि दशांशचिन्हानंतरच्या शेवटच्या शून्याला तिच्या लेखी किंमत नाही. चूक झाल्याची खूणही कुठे उरत नाही, कारण ३.१ ही आवृत्ती खरोखरच अस्तित्वात आहे.

हीच गत सीरियल नंबरची. सुरुवातीची शून्यं गळतात. १५ पेक्षा जास्त अंकांचा क्रमांक असेल तर एक्सेल १५ अंकांपुढचं सगळं शून्य करून टाकतं. ५-१ लिहिलं तर तारीख होते. फायलींच्या ओळखीसाठी जे आठ अक्षरी सीआरसी-३२ वापरतात, त्यात अधूनमधून सगळे अंक आणि मध्ये एकच ‘ई’ असा क्रमांक येतो. शीट त्याला दहाच्या घातातली भलीमोठी संख्या समजतं. या सवयीपुढे शास्त्रज्ञांनीही हात टेकले. ‘मार्च’ आणि ‘सेप्ट’ने सुरू होणाऱ्या जनुकांच्या नावांच्या तारखा होत होत्या, म्हणून २०२० मध्ये नावं ठरवणाऱ्या समितीने ती नावंच बदलली. एक्सेलमध्ये हे आपोआप होणारं रूपांतर बंद करायची सोय आली ती त्यानंतर, २०२३ मध्ये.

उपाय स्प्रेडशीटमध्येही आहे: टाइप करायच्या आधी तो रकाना ‘टेक्स्ट’ करून ठेवायचा. पण ते आधी लक्षात यावं लागतं, आणि शून्य एकदा गळलं की नंतर रकाना टेक्स्ट करून ते परत येत नाही. डेटाबेसमध्ये खान्याचा प्रकार ठरवल्याशिवाय सहसा पुढे जाताच येत नाही. हा जाच वाटतो, पण तोच उपयोगी पडतो.

तरी डेटाबेस आहे म्हणून निर्धास्त राहू नका. एसक्यूलाइट या डेटाबेस सॉफ्टवेअरमध्ये खान्याचा प्रकार ‘टेक्स्ट’ लिहिला तर ३.१० जसंच्या तसं राहतं. ‘स्ट्रिंग’ लिहिला तर ते प्रकरण चक्क संख्येकडे झुकतं आणि ३.१० चं ३.१ होतं! दिसायला दोन्ही शब्द सारखेच सज्जन. टेबल तयार करताना ‘स्ट्रिक्ट’ म्हटलं तर असा अनोळखी प्रकार तिथल्या तिथे नाकारला जातो. ही सोय ३.३७ या आवृत्तीपासून, म्हणजे २०२१ च्या अखेरीपासून आहे.

आणखी एक बारकावा. आवृत्ती अक्षर म्हणून साठवली की ती अक्षरांसारखीच लागते, म्हणजे ३.१० येतं ३.९ च्या आधी. क्रम हवा असेल तर प्रकाशनाच्या तारखेचं वेगळं खानं ठेवा आणि तारीख २०२१-१०-०४ अशी, वर्ष आधी घेऊन लिहा. अशी तारीख अक्षरक्रमाने लावली तरी बरोबर लागते.

एक ओळ म्हणजे काय?

आता मूळ प्रश्न. विंडोज ९५ चं उदाहरण घेऊ. तुमच्याकडे त्याचा सीडी-रॉम आहे आणि शिवाय १३ फ्लॉप्यांचा संचही आहे. यादीत किती ओळी लिहायच्या? सॉफ्टवेअर एकच, म्हणून एक? प्रती दोन, म्हणून दोन? की हातात धरता येणाऱ्या वस्तू १४, म्हणून चौदा?

एक ओळ लिहिली तर ‘फ्लॉपी १’, ‘फ्लॉपी २’ असे रकाने उजवीकडे वाढत जातात आणि बाकीच्या सगळ्या ओळींत ते रिकामे राहतात. चौदा ओळी लिहिल्या तर प्रकाशक, वर्ष, भाषा हे सगळं चौदा वेळा. त्यातल्या तेरा ठिकाणी ‘मायक्रोसॉफ्ट’ आणि एका ठिकाणी ‘माइक्रोसॉफ्ट’ पडलं की शीटच्या लेखी तुमच्याकडे आता दोन प्रकाशक आहेत. ठरावीक पर्यायांतूनच निवड व्हावी अशी अट शीटमध्येही घालता येते. पण दुसरीकडून मजकूर आणून पेस्ट केला की ती अट बाजूला पडते.

आणि मग उलटं उदाहरण येतं. वॉलनट क्रीक कंपनी सिमटेल या संग्रहातल्या शेअरवेअरच्या सीडी काढायची, एकेका सीडीवर प्रोग्रॅमांची रास. इथे वस्तू एक आणि सॉफ्टवेअरं अनेक. पहिल्या उदाहरणासाठी बेतलेली शीट दुसऱ्याला चालत नाही आणि दुसऱ्यासाठी बेतलेली पहिल्याला.

यावरचा तोडगा आयबीएममध्ये काम करणाऱ्या एडगर कॉड यांनी १९७० च्या आपल्या निबंधात मांडला होता. आजचे बहुतेक डेटाबेस त्याच पायावर उभे आहेत. संग्रहाच्या भाषेत सांगायचं तर टेबलं चार करा. एका टेबलात सॉफ्टवेअर: नाव, प्रकाशक. दुसऱ्यात आवृत्त्या: क्रमांक, तारीख, भाषा, आणि ही कोणत्या सॉफ्टवेअरची आवृत्ती. तिसऱ्यात हातात येणाऱ्या वस्तू: फ्लॉपी की सीडी, कोणत्या पेटीत, वाचता येते का. चौथं टेबल अगदी अरुंद, दोनच खान्यांचं: कोणत्या वस्तूवर कोणती आवृत्ती. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हे चौथं टेबल फुकटचा व्याप वाटतं. पण १३ फ्लॉप्यांवरचं एक सॉफ्टवेअर आणि एका सीडीवरची दोनशे सॉफ्टवेअरं ही दोन्ही ओझी तेच वाहतं.

आवृत्तीच्या टेबलात ‘संचात किती डिस्क असायला हव्यात’ असं एक खानं वाढवलंत, तर ‘कुठले संच अपुरे आहेत?’ हा प्रश्न एका क्वेरीत सुटतो: चौथ्या टेबलात त्या आवृत्तीच्या नोंदी मोजायच्या आणि १३ शी ताडून पाहायच्या. (एकाच आवृत्तीची सीडीही असेल तर प्रतीचं टेबल वेगळं करावं लागेल, म्हणजे पाच टेबलं. माझ्या मते इतकं करावं, याहून जास्त नको. टेबलं पाडत बसणं हाही एक छंद होऊन बसतो.)

स्प्रेडशीटवाले इथे व्हीलुकअप, म्हणजे दुसऱ्या तक्त्यातून जुळणारी ओळ शोधून आणणारं सूत्र, पुढे करतील. दोन शीट जोडायला ते चालतं हे खरं. पण व्हीलुकअप जुळणारी पहिली ओळ शोधतं आणि थांबतं. एका नावाच्या तीन आवृत्त्या असतील तर पहिली मिळते, उरलेल्या दोन जणू नाहीतच. डेटाबेसमधला जॉइन, म्हणजे टेबलं एकमेकांशी जोडणारी क्वेरी, तिन्ही आणून देतो. शिवाय टेबलांमधला दुवा, म्हणजे फॉरेन की, सांगून ठेवलेला असेल आणि आवृत्तीची नोंद शिल्लक असताना तिचं सॉफ्टवेअर पुसू लागलात तर डेटाबेस अडवतो. एसक्यूलाइटमध्ये मात्र ही राखण मुळात बंद असते. फाइल उघडताना दर वेळी फॉरेन कीची तपासणी सुरू करावी लागते, किंवा वापरत असलेल्या प्रोग्रॅममध्ये ती सुरू आहे ना हे पाहावं लागतं.

मग स्प्रेडशीट कधी?

संग्रह खोक्यातल्या सीलबंद खेळांचा असेल, एक खोकं म्हणजे एक सॉफ्टवेअर, तर शीट उत्तम. बेरजा, पटापट भरलेले रकाने, दुसऱ्याला मेलवर पाठवणं यांत डेटाबेस तिच्या जवळपासही येत नाही. सुरुवातीलाही शीटच बरी. कोणती खानी लागणार हे पहिल्या काही डझन वस्तू हाताळल्याशिवाय कळत नाही, आणि शीटमध्ये नवा रकाना घालणं चुटकीसरशी होतं. कोऱ्या कागदावर टेबलांचा आराखडा काढून मग वस्तूंना हात लावणारे लोक तो आराखडा पुन्हा काढताना दिसतात.

वागण्यातला एक फरक सवयीमुळे नडतो. शीट ‘सेव्ह न करता’ बंद करून दिवसभराचा घोळ फेकून देता येतो. मायक्रोसॉफ्टच्या ॲक्सेस या डेटाबेसमध्ये पुढच्या नोंदीवर गेलात की मागची लिहिली गेली. मोठा बदल करण्याआधी फाइलची प्रत काढून ठेवायची ती यासाठी.

शीटमधून बाहेर पडायची वेळ आली की मधला टप्पा असतो सीएसव्ही फाइल, म्हणजे खानी स्वल्पविरामांनी वेगळी केलेली साधी मजकूर फाइल. ती डबल-क्लिक करून शीटमध्ये पुन्हा उघडून सेव्ह करू नका, ३.१० चं ३.१ व्हायला तेवढी एक फेरी पुरते. सरळ डेटाबेसच्या प्रोग्रॅममध्ये इम्पोर्ट करा आणि आवृत्ती, सीरियल नंबर, सीआरसी हे रकाने टेक्स्ट आहेत हे पहिल्याच वेळी पाहून घ्या. डीबी ब्राउझर फॉर एसक्यूलाइट यासाठी पुरेसं आहे. फॉर्म आणि छापील अहवाल हवे असतील तर लिबरऑफिस बेस बघा. ॲक्सेस १९९२ पासून आहे आणि हाताला सोपं आहे, पण ते विंडोजपुरतं. माझा कल एसक्यूलाइटकडे आहे. रिचर्ड हिप यांनी २००० मध्ये सुरू केलेलं हे काम सार्वजनिक मालकीचं आहे, सगळा संग्रह एकाच फाइलीत मावतो, आणि माहिती दीर्घकाळ टिकवण्यासाठी अमेरिकेची लायब्ररी ऑफ काँग्रेस ज्या फाइल प्रकारांची शिफारस करते त्यांत तो आहे. जुनी सॉफ्टवेअरं सांभाळणाऱ्याने आपली यादी उद्या न उघडणाऱ्या फाइलीत ठेवावी, यासारखा विनोद नाही.

प्रत्येक वस्तूला मिळालेला क्रमांक तिच्या पाकिटावर चिकटपट्टीवर लिहा. तो नुसता चढता क्रमांक असू द्या: १, २, ३. ‘पेटी४-खेळ-१२’ असले अर्थपूर्ण क्रमांक देऊ नका. पेटी बदलते, खेळ म्हणून ठेवलेलं सॉफ्टवेअर शैक्षणिक निघतं, आणि मग चिकटपट्टी एक सांगते नि नोंद दुसरंच. पेटीचं खानं टेबलात आहेच. वस्तू हलली की तेवढं बदलायचं.