डीप डिप्रेशन आणि चक्रीवादळ: सोलापूरकरांनी धास्ती कशाची धरायची?

ऑक्टोबर-नोव्हेंबरात अंदमानच्या समुद्रात ढग गोळा व्हायला लागले की सोलापुरात दोन तऱ्हेची माणसं मोबाइलवर नकाशे उघडून बसतात. एक, अंदमानच्या सहलीचे पैसे भरलेले. दुसरे, ज्यांचं सोयाबीन काढून रानात पडलंय, द्राक्षाची छाटणी झालीय आणि ज्वारीची पेरणी अजून व्हायचीय. दोघांचा प्रश्न एकच असतो, 'चक्रीवादळ आहे, की नुसतं डिप्रेशन?' डिप्रेशन आहे असं कळलं की दोघंही गाफील होतात. या 'नुसतं' शब्दाने आपल्या जिल्ह्याचा एकदा मोठा घात केलाय, म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

मुळात ही दोन वेगळी संकटं नाहीत. गरम समुद्रावर तयार झालेलं कमी दाबाचं क्षेत्र जोर धरत जातं, त्याच्याच या पायऱ्या आहेत. केंद्राभोवतीच्या वाऱ्याचा वेग ताशी ३१ किलोमीटर झाला की भारतीय हवामान विभाग त्याला डिप्रेशन म्हणतो, ५० झाला की डीप डिप्रेशन, आणि ६२ झाला की चक्रीवादळ. नाव मिळतं ते या शेवटच्या पायरीवर. १३ देशांनी मिळून केलेल्या यादीतलं पुढचं नाव दिल्लीहून जाहीर होतं. मग टीव्हीवर त्या नावाचा गजर सुरू होतो.

आता यात नीट पाहा, सगळी मोजणी वाऱ्याची आहे. पाऊस किती पडेल याचा या पायऱ्यांशी थेट संबंध नाही. पाऊस ठरतो तो हवेत ओल किती आहे, ढगांचा घेर किती मोठा आहे आणि ते सगळं किती सावकाश सरकतंय यावर. रेंगाळणारं डीप डिप्रेशन झपाट्याने निघून जाणाऱ्या चक्रीवादळापेक्षा जास्त पाणी ओतू शकतं.

माग काढण्यातही फरक पडतो. भर समुद्रात वारा मोजायला माणूस नसतो, म्हणून उपग्रहाच्या चित्रात ढगांची गुंडाळी कशी आहे त्यावरून ताकदीचा अंदाज बांधतात. ही ड्व्होराक पद्धत १९७० च्या दशकापासून वापरात आहे. चक्रीवादळाची गुंडाळी घट्ट असते, केंद्र सापडतं. डिप्रेशनचे ढग विस्कटलेले असतात, केंद्र कधी ढगांच्या कडेला, तर कधी त्यांच्या बाहेरच निघतं. त्यामुळे सुरुवातीला नकाशावरची त्याच्या संभाव्य मार्गाची रेघ आज इकडे, उद्या तिकडे हलते. रेघेभोवतीचा शंकूही फक्त केंद्र कुठून कुठे जाऊ शकतं एवढंच सांगतो. शंकूच्या बाहेर पाऊस नाही, असा अर्थ त्यातून काढू नये.

अंदमानच्या बेटांवर याचा अनुभव २०१६ च्या डिसेंबरात आला. 'वरदा' हे नाव पडायच्या आधीच, डिप्रेशन असतानाच, हॅवलॉक आणि नील बेटांवर मुसळधार पाऊस झाला, समुद्र खवळला, बोटींची ये-जा बंद पडली आणि हजाराहून जास्त पर्यटक अडकले. नौदल आणि तटरक्षक दलाला त्यांना बाहेर काढावं लागलं. याच्या उलट २०१३ चं 'लेहर'. ते पोर्ट ब्लेअरजवळून चक्रीवादळ म्हणूनच गेलं, बंगालच्या उपसागरात आणखी भडकलं, पण आंध्रच्या किनाऱ्यावर मछलीपट्टणमजवळ पोचेपर्यंत पुन्हा डिप्रेशन झालं होतं. पायऱ्या चढता येतात तशा उतरताही येतात.

आणि आपलं २०२०. ९ ऑक्टोबरच्या सुमारास अंदमानच्या उत्तरेकडच्या समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र तयार झालं. ते वाढून डीप डिप्रेशन झालं आणि १३ तारखेला सकाळी काकीनाड्याजवळ जमिनीवर आलं. चक्रीवादळ ते झालंच नाही, म्हणून त्याला नावही नाही. जमिनीवर आलं की समुद्राची वाफ तुटते आणि वारा मंदावतो, पण वर उचललेलं पाणी कुठे जात नाही. तेलंगणात हैदराबाद बुडवून १४ तारखेला ते आपल्या माथ्यावर आलं. पावसाळा सरत आलेला, रानं आधीच ओली, भीमेवरचं उजनी धरण भरलेलं. उजनीतून पाणी सोडावं लागलं, खाली नीरा नरसिंहपूरला नीरेचं पाणी भीमेत मिळत होतं. अक्कलकोटकडे बोरी नदीने गावं वेढली. पंढरपुरात कुंभार घाटावर भिंत कोसळून सहा जणांचा जीव गेला. सोयाबीनच्या गंजी भिजल्या, उभी तूर पाण्यात गेली.

त्याच वर्षी ३ जूनला 'निसर्ग' रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं होतं. ते तीव्र चक्रीवादळ होतं, वाऱ्याचा वेग ताशी शंभराच्या वर. कोकणातल्या नारळी-पोफळीच्या बागा त्याने उताण्या पाडल्या. समुद्रापासून इतक्या आत असलेल्या आपल्याला त्या वाऱ्याचं भय फारसं नाही. आपलं भय पाण्याचं आहे, आणि ते बिननावाच्या डिप्रेशनमधूनही येतं.

म्हणून हवामान विभागाचं बुलेटिन उघडलं की वर्गवारीवर थांबू नका. अंदमानला जाणाऱ्यांनी मच्छीमारांसाठीचा इशारा आणि लाटांचा अंदाज वाचावा, बोटी त्यावरच सुटतात किंवा थांबतात. गावाकडच्यांनी किनारा ओलांडल्यानंतर ते कुठल्या दिशेला वळणार हे पाहावं. आंध्रात शिरून पश्चिमेकडे, तेलंगणाच्या रोखाने निघालं असेल तर जिल्हानिहाय पावसाचा इशारा लगेच काढा. २४ तासांत ११५ मिलिमीटरच्या वरचा पाऊस म्हणजे 'अति जोरदार', २०४ च्या वरचा 'अत्यंत जोरदार'. यातला एखादा शब्द सोलापूरपुढे दिसला आणि उजनी काठोकाठ असेल, तर काढलेलं सोयाबीन त्याच दिवशी झाकून उंचावर हलवायचं, आणि भीमेकाठच्या पाण्याच्या मोटारी वर काढायच्या.