वस्तू तिकडे, हात इकडे

मूल वर्षाचे होत आले की आईबाबांच्या फोनवरच्या जाहिराती बदलतात. डायपर मागे पडतात आणि ‘मेंदूच्या विकासा’चे संच पुढे येतात: फ्लॅशकार्डांचे गठ्ठे, मुळाक्षरे म्हणणारे टॅब, इंग्रजी रंगांची गाणी. यांतल्या बहुतेकांचे गृहीतक एकच. मुलाने पाहिले-ऐकले की ते डोक्यात साठते, तेव्हा जितके दाखवाल तितके बरे.

हे गृहीतक तपासून झालेले आहे. अमेरिकेत ज्युडी डीलोच आणि सहकाऱ्यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात १२ ते १८ महिन्यांच्या मुलांना शब्द शिकवणारी एक लोकप्रिय डीव्हीडी चार आठवडे, आठवड्यातून अनेकदा दाखवली. महिन्याने पाहिले तर ती न पाहणाऱ्या मुलांपेक्षा यांना जास्त शब्द येत नव्हते. सगळ्यांत पुढे होती ती मुले, ज्यांच्या घरी डीव्हीडी दिलीच नव्हती. पालकांच्या हाती नुसती शब्दांची यादी देऊन ‘रोजच्या व्यवहारात जमेल तसे शिकवा’ एवढेच सांगितले होते. आणि ज्या पालकांना डीव्हीडी स्वतःला आवडली होती, त्यांना आपले मूल त्यातून भरपूर शिकल्याचीही खात्री वाटत होती! भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्लाही दोन वर्षांखालच्या मुलांना पडदा नको असाच आहे. अपवाद आजी-आजोबांशी व्हिडिओ कॉलचा, कारण तिथे समोरचे माणूस मुलाला उत्तर देते.

रोजच्या व्यवहारात मूल शिकते म्हणजे नेमके काय करते, हे एका अगदी साध्या खेळात फार स्वच्छ दिसते. खेळ लपवाछपवीचा आहे.

साहित्य: दोन सारखी, जाड, आरपार न दिसणारी फडकी किंवा हात पुसायचे नॅपकिन, आणि मुलाला हवीहवीशी वाटणारी एक वस्तू. उपडी स्टीलची वाटी सोयीची वाटते, पण वर्षाच्या मुलाची बोटे फरशीला चिकटलेल्या काठाखाली शिरत नाहीत, वाटी नुसती सरकत राहते आणि मूल वैतागते. वाटीच हवी असेल तर ती सतरंजीवर ठेवा. वस्तू वाजणारी नको, आवाजाने जागा कळते. फार जाड नको, फडक्याला फुगवटा येतो. आणि फार लहान तर मुळीच नको. खेळण्यांच्या सुरक्षा चाचणीत एक छोटे नळकांडे वापरतात, त्याचा आतला व्यास ३१.७ मिमी असतो. जी वस्तू त्यात पूर्ण मावते ती तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती द्यायची नाही. चेंडूचा नियम आणखी कडक आहे: ४४.५ मिमीच्या भोकातून जो चेंडू आरपार जातो तो धोक्याचा. म्हणजे टेबल टेनिसचा ४० मिमीचा चेंडूसुद्धा बाद. शेंगदाणे, चणे, अख्खी द्राक्षे, बटणासारखे सेल यांची तर बातच नको. चपटी लाकडी पळी, जुन्या किल्लीच्या जुडग्याऐवजी मोठी रबरी कडी, असे काही चालेल.

मुलाला आईच्या किंवा बाबांच्या मांडीवर बसवा आणि कमरेला हलके धरा. दोन्ही फडकी त्याच्या हाताच्या टप्प्यात, एकमेकांपासून साधारण वीतभर अंतरावर आणि मुलापासून सारख्याच अंतरावर हवीत. डावीकडच्याला अ म्हणू, उजवीकडच्याला ब. मूल पाहत असताना वस्तू अ खाली सरकवा, दोन-तीन सेकंद थांबा, शोधू द्या. सापडली की थोडा वेळ खेळू द्या; लगेच हिसकावली तर पुढची फेरी होत नाही. असे तीनदा अ खाली. चौथ्यांदा, मूल टक लावून पाहत असताना, वस्तू सावकाश ब खाली ठेवा. आता दहा-बारा सेकंद मोजा. मोजताना मुलाला हाक मारून त्याची नजर वर घ्या. मग कंबर सोडा.

पुष्कळ मुले हात घालतात अ खाली. वस्तू ब खाली जाताना त्यांनी नुकतीच पाहिलेली असते.

खेळ फसण्याची कारणे ठरलेली आहेत. मोठ्यांचे डोळे नकळत बरोबर फडक्याकडे जातात, आणि वर्षाचे मूल नजरेचा माग काढण्यात तरबेज असते. मूल तोवर ब कडेच झुकून बसले असेल तर त्याचे शरीरच त्याची आठवण सांभाळते. भूक किंवा झोप आली असेल तर काहीच होत नाही. पाच-सहा फेऱ्यांनंतर मुलाला वस्तूपेक्षा फडके चघळण्यात जास्त रस येतो, तिथे थांबावे.

ही चूक स्विस मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे यांनी आपल्या तीन मुलांचे निरीक्षण करताना टिपली आणि १९३०च्या दशकात प्रसिद्ध केली. त्यांचा अर्थ असा, की या वयात मुलासाठी वस्तू आपल्या कृतीपासून सुटी झालेली नसते. ‘मी जिथे हात घातला तिथे ती असते’, एवढेच त्याला कळते. हा अर्थ पुढे अपुरा ठरला, पण चूक खरी निघाली. आणि नंतरची सगळी मजा ‘का’ मध्ये आहे.

अ‍ॅडेल डायमंड यांनी १९८५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २५ बाळांना सहाव्या ते बाराव्या महिन्यापर्यंत हाच खेळ वारंवार दिला. साडेसात महिन्यांना चूक घडायला दोन सेकंदांहून कमी विलंब पुरत होता. दर महिन्याला त्यात सरासरी दोन सेकंदांची भर पडत गेली आणि वर्षाच्या मुलांना चुकवायला दहा सेकंदांहून जास्त थांबावे लागले. वरच्या कृतीत दहा-बारा सेकंद आले ते इथून. कपाळामागच्या मेंदूच्या एका विशिष्ट भागाला इजा झालेली माकडे अगदी अशीच चुकतात, हेही डायमंड आणि पॅट्रिशिया गोल्डमन-राकिच यांनी १९८९ मध्ये दाखवले. त्या भागाला दोन कामे एकदम करावी लागतात: नवी जागा लक्षात धरायची आणि जुन्या जागी निघालेला हात अडवायचा. घरातल्या दिव्याचे बटण दुसऱ्या भिंतीवर नेले की मोठ्यांचाही हात आठवडाभर जुन्या भिंतीवर जातो, त्यांनाही दिवा कुठे आहे ते ठाऊक असतेच.

पण लिंडा स्मिथ आणि एस्थर थेलेन यांनी १९९९ मध्ये एक विचित्र गोष्ट दाखवली. वस्तू लपवलीच नाही, नुसती झाकणे हलवून मुलाचे लक्ष वेधले, तरी तीच चूक होते! मग ‘वस्तू कुठे गेली’ हा प्रश्न मुळात कुठे उरला? त्यांचे उत्तर असे. दोन जागांना जोडणारी एक आडवी रेघ कल्पा आणि रेघेच्या प्रत्येक बिंदूवर ‘हात इथे न्यावा’ या ओढीची उंची मांडा. ब कडे लक्ष वेधले की तिथे उंच टेकाड उभे राहते, पण ते कच्चे असते, सेकंदागणिक खचते. अ वर आधीच्या तीन फेऱ्यांनी प्रत्येकी एक थर चढवून बुटके टेकाड बनवलेले असते, ते फारसे खचत नाही. विलंब थोडा असेल तर हात सुटताना ब उंच. विलंब वाढला की ब ची उंची अ च्या खाली जाते आणि हात अ कडे ओढला जातो. वय वाढते तसे बदलते ते इतकेच, की ब चे टेकाड स्वतःला टेकू देऊ लागते: जवळच्या चेतापेशी एकमेकींना पेटत्या ठेवतात, दूरच्यांना दाबतात, आणि समोर काही दिसत नसतानाही आकार टिकतो. विलंबाच्या काळात पेटत्या राहणाऱ्या अशा पेशी माकडांच्या कपाळामागच्या भागात १९७१ मध्येच सापडल्या होत्या. म्हणजे दोन्ही गटांची उत्तरे वाटतात तितकी परस्परविरोधी नाहीत. एकाने भाग दाखवला, दुसऱ्याने गणित.

या गणितातून एक भाकीत निघते. अ चे थर जर हाताच्या हालचालीच्या आठवणीचे असतील, तर शरीराची ठेवण बदलल्यावर ते निरुपयोगी व्हायला हवेत. तसेच झाले. अ च्या फेऱ्या बसून आणि ब ची फेरी मुलाला उभे धरून घेतली तेव्हा चूक नाहीशी झाली. घरीही उभे करून पाहता येईल, मात्र एका मुलाच्या एका फेरीवरून काहीही सिद्ध होत नाही.

तिसरी बाजू हंगेरीतल्या संशोधकांची, २००८ सालची. दहा महिन्यांच्या मुलांसमोर लपवणाऱ्याने नेहमीसारखे डोळ्यांत पाहून, लाडाने हाक मारून अ च्या फेऱ्या केल्या तेव्हा चुका भरपूर झाल्या; तोंड फिरवून, न बोलता केल्या तेव्हा त्या जवळपास निम्म्यावर आल्या. म्हणजे ‘बघ हं, इथे आहे’ हा स्वर ऐकला की मूल ते आजचे ठिकाण न समजता नियम समजते. आपण शिकवत नसतानाही ते शिकून घेते.

म्हणून हा खेळ परीक्षेसारखा घेऊ नये. चुकणारे मूल मागे नाही. दहा सेकंद ही सरासरी आहे, आणि त्याच मुलाचा निकाल सकाळी एक व संध्याकाळी दुसरा येतो. लेकराच्या बुद्धीचा आकडा काढून देणारे संच आणि पुढे थोड्या मोठ्या मुलांना गाठणारे ‘मिडब्रेन अ‍ॅक्टिव्हेशन’चे, म्हणजे मध्यमेंदू जागा केला की मूल डोळे बांधूनही वाचते असा दावा करणारे, वर्ग एकाच माळेचे मणी. तिथे डोळ्यांवर पट्टी बांधून वाचणारे मूल नाकाजवळच्या फटीतून पाहत असते. मध्यमेंदू बिचारा आपले नेहमीचे काम करतो.

बाकीच्या खेळांना फार सांगावे लागत नाही. टोपलीतले धुतलेले बटाटे पातेल्यात आणि पातेल्यातले पुन्हा टोपलीत, हे मूल वीस मिनिटे करील. श्रीखंडाच्या मोठ्या डब्याच्या झाकणाला आडवी फट पाडून कडा काडीने शेकून बोथट करा आणि कागदी पुठ्ठ्याचे तळहाताएवढे तुकडे द्या. सुरुवातीला तुकडा आडवा-उभा जुळत नाही, मनगट वळवायची युक्ती यायला काही महिने लागतात, फट रुंद केली की ती शिकण्याची गरजच संपते. शब्दांच्या बाबतीत एकच गोष्ट सांभाळावी: मुलाचे लक्ष आपल्या वस्तूकडे ओढून नाव सांगण्यापेक्षा ते ज्याकडे आधीच पाहते आहे त्याचे नाव सांगावे. कावळ्याकडे बोट दाखवणाऱ्या मुलाला त्याच क्षणी फुलाचे कार्ड दाखवणे म्हणजे दोन्ही शब्द घालवणे.

आणि एकात एक बसणाऱ्या चार-पाच वाट्या जरूर द्याव्यात. पॅट्रिशिया ग्रीनफील्ड आणि सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये ११ महिने ते तीन वर्षांच्या मुलांना असेच पेले दिले. वर्षाचे मूल एक पेला एकातच घालते आणि थांबते. पुढच्या टप्प्यावर ते एका मोठ्या पेल्यात एकेक करून बाकीचे टाकते. तीनच्या आसपास मात्र लहान पेला मधल्यात घालून ती जोडी उचलते आणि मोठ्यात ठेवते. मधला पेला आधी कर्म होता, आता तोच कर्ता झाला. वाक्यात वाक्य घालायची रचना अशीच असते, असे ग्रीनफील्ड यांचे म्हणणे. वर्षाच्या मुलाला जोडी उचलायला शिकवण्यात अर्थ नाही, ती हातातच सुटते. लहान-मोठ्या आकारांत ठळक फरक असलेल्या वाट्या निवडा, जवळच्या मापाच्या घट्ट अडकतात आणि मग त्या सोडवण्यासाठी आपल्यालाच बसावे लागते.